नाक्यावर पेठ वसवायची तर



चिंचोटीच्या नाक्यावरून रात्रंदिवस माल जातो. गुजरातेतून मुंबईकडे येणारा, न्हावाशेव्याच्या बंदरातून वर निघालेला, भिवंडीच्या गोदामांत उतरणारा आणि तिथूनच पुन्हा घरोघर पोचायला निघणारा. व्यापाराचा एवढा मोठा ओघ ज्यांच्या दारावरून जातो अशी गावं महाराष्ट्रात फार नाहीत. तरीही इथल्या माणसाला जरा बरी खरेदी करायची झाली की नायगाव, वसई रोड नाहीतर भिवंडी गाठावी लागते. माल पुढे जातो, पैसा पुढे जातो, गावाच्या वाट्याला धूळ आणि हॉर्न येतात. या ओघातला काही भाग इथे थांबावा, इथल्या हातांना मिळावा आणि त्यासाठी या नाक्यावर एक नीट वसवलेली पेठ उभी राहावी, एवढंच मला आज मांडायचं आहे. इथे होणाऱ्या प्रत्येक कामाला, मग ते पुलाचं असो, गटाराचं असो की दिव्यांचं, मी एकच प्रश्न विचारणार आहे: या कामामुळे इथे कोणी थांबेल का, आणि थांबला तर त्याचा पैसा कोणाच्या हातात पडेल?

गावाची जागा तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण सगळा विचार तिथूनच सुरू होतो. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. पश्चिमेला खाडीपर्यंत उतरत गेलेली सखल जमीन, मिठागरं आणि त्यापलीकडे रांगोळीकारांचं जूचंद्र. मधून मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि त्याला येऊन मिळणारा कामण–अंजूरफाट्याचा रस्ता. वर वालीव, सातिवलीकडचे कारखान्यांचे गाळे, खाली बापाणे फाटा. डोंगरात पाडे आहेत, सखल भागात आगरी–कोळ्यांची जुनी गावं आहेत आणि मधल्या चाळींत देशभरातून पोटासाठी आलेले कामगार राहतात. एकाच नाक्यावर इतक्या तऱ्हेची माणसं एकमेकांना ओलांडून जातात. बाजाराला लागणारं पहिलं भांडवल हेच, आणि ते इथे भरपूर आहे.

या मुलखाला व्यापार नवा नाही. आपल्या शेजारचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला, आणि अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तिथेच मिळाले. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे. ज्या अंजूरच्या दिशेने आपला हा रस्ता जातो, त्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी वसईच्या मोहिमेसाठी वर्षानुवर्षं खटपट केली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या हाती किल्ला आला. म्हणजे खाडीच्या या काठावर माणसांची, मालाची आणि फौजांची वर्दळ शतकांची आहे. फरक पडला तो थांबण्यात. बैल थकायचे, म्हणून तांडा थांबायचा. तांडा थांबला की दाणावैरण लागायची, लोहार लागायचा, चार घास लागायचे आणि त्या गरजांभोवती बाजार आपोआप बसायचा. ट्रक थकत नाही. म्हणून आज महामार्गावर बाजार आपोआप बसत नाही. तो बसवावा लागतो. कोणी बसवला नाही तर टपऱ्या, गॅरेजं आणि गोदामं यांची एक लांब रांग तयार होते. तिला गावही म्हणता येत नाही आणि पेठही.

थांबायला जागा नसली की काय होतं, ते पाहायला पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला उभं राहावं. पाड्यांवरच्या बाया डोंगरातून शेवळं घेऊन उतरतात. शेवळाच्या जुड्या आणि शेजारी काकडाची हिरवी फळं, अशी ती विकायला मांडतात, कारण नुसती शेवळं घशाला खाजतात आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते. पुढे कंटोली येतात, टाकळा येतो, उन्हाळ्यात करवंदं–जांभळं असतात. या मालाला मुंबईत जीव टाकणारं गिऱ्हाईक आहे. ती बाई बसते कुठे, तर रस्त्याची पांढरी पट्टी आणि गटार यांच्यामधल्या दोन हात जागेत, प्लास्टिकचा कागद अंथरून. गाडी थांबते ती जेमतेम. मागून ट्रेलरचा हॉर्न वाजतो. बाई उठून खिडकीपर्यंत धावते, गिऱ्हाईक आतूनच बोट दाखवतं, भाव निम्म्यावर मागतं, आणि बाई देऊन टाकते, कारण गाडी निघाली तर तेही हातचं जायचं. दिवस मावळला की उरलेला माल मिळेल त्या भावाने काढायचा, नाहीतर टाकून जायचा. संडास नाही, प्यायचं पाणी नाही, सावली नाही. थांबायची जागा नसल्याची किंमत गिऱ्हाईकही देत नाही आणि रस्ता बांधणाराही देत नाही. ती किंमत विकणारीच्या भावातून वजा होते.

उलट पापडीचा शुक्रवारचा बाजार बघा. ठरलेला वार, ठरलेली जागा. आगोटीची भरती करायला, म्हणजे पावसाळ्याआधी सुके बोंबील, जवळा, वाकट्या घरात भरून ठेवायला, वसईतली घरंच्या घरं तिथे लोटतात. गिऱ्हाईक तिथे उभं राहून माल हाताळून बघतं, दोन ठिकाणी भाव विचारतं, ओळखीच्या बाईकडे परत येतं. विकणारीलाही शेजारणीचा भाव कळतो, म्हणून तिला कोणी सहज नाडत नाही. वार आणि जागा ठरलेली असणं, एवढ्याशा व्यवस्थेने केवढा फरक पडतो!

ही व्यवस्था लावण्याचं शास्त्र आपल्याकडे जुनं आहे, आणि ते आपण विसरलो याची मला खंत आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर सरकार नुसती आखणी करून मोकळं होत नसे. पेठ वसवणाऱ्याला कौल दिला जाई. पहिली काही वर्षं उदम्यांना कर माफ, मग इस्ताव्याने, म्हणजे वर्षावर्षाला थोडाथोडा वाढवत, कर घ्यायचा. आणि पेठेला शेटे–महाजन नेमले जात. वजनमापं खरी आहेत ना, नव्या व्यापाऱ्याला जागा मिळाली ना, तंटा झाला तर तो मिटवायचा कोणी, हे सगळं त्यांच्याकडे. पेठ वाढली तर त्यांचं उत्पन्न वाढायचं, पेठ उठली तर त्यांचं वतन कोरडं पडायचं. पुण्याच्या पेठा अशा वसल्या. त्या काळातली वतनदारी आणि तिच्यातली जातीची उतरंड आपल्याला नको, हे उघड आहे. पण बाजाराच्या बऱ्यावाईटाला कोणीतरी जबाबदार असलं पाहिजे, ही त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे. आज चिंचोटीच्या नाक्याला जबाबदार कोण, असं विचारलं तर महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, महानगरपालिका, वन विभाग आणि वाहतूक पोलीस अशी पाच दारं ठोठवावी लागतात. प्रत्येक दारावर शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं जातं.

त्यानंतरच्या काळातही आपल्या राज्यकर्त्यांनी पेठा वसवल्या. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी वसवली आणि तिथून कोल्हापूरच्या गुळाच्या व्यापाराने जोर धरला. १९१७ मध्ये त्यांनी जयसिंगपूर वसवलं, सरळ रुंद रस्त्यांचं, आधी आखून मग उभारलेलं व्यापाराचं गाव. त्याच १९१७ सालची लातूरची गंजगोलाईची इमारत. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला: मधोमध गोल दुमजली वास्तू, आत अंबाबाईचं देऊळ आणि त्या गोलाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. शंभर वर्षं होऊन गेली, तरी लातूरचा माणूस आजही बाजाराला गोलाईतच जातो. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आधी कोणीतरी विचार केला की इथे कुठला माल येणार, कोण घेऊन येणार आणि तो कोणाला हवा आहे. रस्ते त्यानंतर आखले गेले.

आपल्या आराखड्यांत नेमकं हेच राहून जातं. वसई–विरारसाठी १९९० मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं. आराखडा मंजूर व्हायला २००७ उजाडलं आणि त्याची दृष्टी होती २०२१ पर्यंतची. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. गावं महानगरपालिकेत असावीत की नसावीत, यावर मोठं आंदोलन झालं, २९ गावं वगळण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला. ‘हरित वसई’चं आंदोलन त्याआधीपासूनचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या पट्ट्यासाठी जे बळ लावलं, ते नसतं तर पश्चिमेच्या वाड्यांचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. त्या लढ्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्याचा सगळा रोख पश्चिमेकडे, पानवेलीच्या, केळीच्या, फुलांच्या वाड्यांकडे राहिला. महामार्गाच्या पूर्वेला वाचवण्यासारखं आणि घडवण्यासारखं काय आहे, यावर तितक्या जोराने कोणी बोललं नाही. वसईतल्या चर्चेत पूर्व पट्टा येतो तो बेकायदा चाळी, पाण्याचा टँकर आणि अपघात यांच्या बातम्यांतून.

आराखडा म्हणजे नकाशा, आणि नकाशा म्हणजे रंग, अशी एक समजूत आहे. पिवळा निवासी, निळा वाणिज्य, हिरवा ना-विकास. जमीन कशासाठी वापरायची, एवढंच हे रंग सांगतात. तिथे पोट कसं भरायचं, हे त्यांतून कळत नाही. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची कामं दिली आहेत. पहिलं काम नगरनियोजन, दुसरं जमिनीचा वापर आणि बांधकामांचं नियमन, तिसरं आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन. पहिल्या दोन कामांसाठी महानगरपालिकेत खातं आहे, अधिकारी आहेत, खिडकी आहे. तिसऱ्या कामाची खिडकी कुठे आहे? एखाद्या तरुणाला या नाक्यावर धंदा टाकायचा असेल, तर इथे काय खपेल, गाळ्याला भाडं किती परवडेल, कुठल्या वेळेला माणसं असतात, हे सांगणारं कोणी त्या इमारतीत बसलेलं नाही.

जकात होती तोवर पालिकांना निदान आपल्या शहरात कुठला माल किती येतो हे कळत असे. जकात नाक्यांवरच्या भ्रष्टाचाराची मला पुरेपूर जाणीव आहे आणि ती गेली याचं दुःख नाही. पण जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि पालिकांना राज्याकडून भरपाईचा हप्ता मिळू लागला. बाजार चालला काय आणि बसला काय, पालिकेच्या तिजोरीत त्याने लगेच फरक पडत नाही. इमारतींच्या परवानग्यांतून आणि मालमत्ता करातून पैसा येतो, म्हणून लक्षही इमारतींकडेच लागतं. यात कुणा अधिकाऱ्याचा वाईट हेतू शोधायचं कारण नाही. पैसा येतो त्या वाटेकडे डोळे लागतात.

म्हणून माझी पहिली मागणी पाहणीची आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भारतात आले, शहरामागून शहरं पायी फिरले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. उपचाराआधी निदान करा, हा त्यांचा आग्रह होता. आधी गल्लीबोळांतून चाला, लोक तिथे कसे जगतात ते बघा आणि मग कमीत कमी तोडफोडीने सुधारणा करा. ते परदेशातून आले म्हणून त्यांचं कौतुक करायचं असं नाही, कारण त्याच रीतीचं आणखी काटेकोर काम आपल्याच माणसांनी केलं. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांनी पहिल्या काही वर्षांतच जी कामं हाती घेतली त्यांत एक होतं पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी. ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. फळ बागेतून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत कुठे कुठे हात बदलतं, याचा माग एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञाला महत्त्वाचा वाटला. पुढे त्यांची पुणे शहराची सामाजिक–आर्थिक पाहणी आली, तिचा पहिला भाग १९४५ चा. कोल्हापूरची तशीच पाहणी सोवनींनी केली. घरोघर जाऊन, प्रश्नावल्या भरून, हाताने बेरजा करून केलेलं हे काम आहे. आज खिशात फोन असताना आपल्याला चिंचोटीच्या नाक्याची एका दिवसाची गणती करता येऊ नये?

महामार्गाच्या कामात वाहनांची गणती होते. माणसांची होत नाही. सकाळी सहाला कारखान्याच्या पाळीला निघालेल्या बाया कुठे उभ्या राहतात, त्यांना चहा कुठे मिळतो, त्या रस्ता कुठून ओलांडतात. दुपारी ट्रकचालक जेवायला कुठे वळतो आणि किती वेळ थांबतो. पगाराच्या दिवशी कामगार किराणा कुठून भरतो, उधारी कोणाकडे आहे. रविवारी चिंचोटीच्या धबधब्यावर जाणाऱ्या पोरांनी सामान कुठून घेतलं. गाळ्यांपैकी किती बंद आहेत आणि का. हे कळल्याशिवाय काढलेला प्रत्येक नकाशा अंदाजाचा. वसईतल्या महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर एका सत्रात हे काम होईल, आणि मार्कांसाठी करायच्या एखाद्या कोरड्या प्रकल्पापेक्षा त्यातून ते जास्त शिकतील.

दुसरी गोष्ट रस्ता ओलांडण्याची. दहिसरपासून तलासरीपर्यंत या महामार्गाचं काँक्रिटीकरण झालं, वर्सोव्याच्या खाडीवर नवा पूल झाला. वेग वाढवणं हे महामार्गाचं काम, त्याबद्दल तक्रार नाही. पण रस्ता गावाचे दोन तुकडे करतो तेव्हा बाजाराचेही दोन तुकडे होतात. ज्या माणसाला जीव मुठीत धरून पलीकडे जावं लागतं, तो पलीकडच्या दुकानात खरेदी करत नाही. भुयारी मार्ग, सिग्नल, पादचारी पूल यांपैकी इथे काय योग्य ते अभियंत्यांनी ठरवावं. माझा आग्रह एवढाच की डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई आणि हाताला धरलेलं पोर, या दोघांना ते वापरता आलं पाहिजे. चाळीस पायऱ्या चढून उतरायचा पूल अशा माणसासाठी नसतो.

नुसता उड्डाणपूल केला की प्रश्न सुटेल, असं म्हणणाऱ्यांना मी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाची आठवण देतो. तो पूर्ण सुरू झाला २००२ मध्ये. गाड्या तिकडे वळल्या, जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांचं गिऱ्हाईकही वळलं. नव्या मार्गावर मात्र थांबे आधीपासून ठरवलेले होते. तिथे फूड मॉल उभे राहिले आणि प्रवाशांचा सगळा पैसा त्या मोजक्या जागांत गेला. म्हणजे वेगवान रस्त्यावरही माणूस थांबतो. कुठे थांबायचं हे जो ठरवतो, व्यापार त्याचा होतो. चिंचोटीचा थांबा चिंचोटीने ठरवावा.

तो थांबा कसा असावा? ट्रकचालक थकतो. त्याला आंघोळ, झोप, टायरवाला, मेकॅनिक आणि पोटभर जेवण हवं असतं. आज तो गाडी रस्त्याच्या कडेला लावतो, त्यातून कोंडी होते, अपघात होतात, दंड होतो. नाक्यापासून थोडं आत, कामण रस्त्याच्या अंगाला, ट्रकसाठी मोठा तळ केला तर कडा मोकळ्या होतील आणि तळावरचे सगळे धंदे इथल्या लोकांचे होतील. एसटी, परिवहनच्या बसेस आणि रिक्षा यांना एकत्र, छपराखाली, उजेडात थांबा हवा, कारण प्रत्येक बाजाराचं तोंड उतारूंच्या थांब्याकडे असतं. आणि या दोन्हींच्या मध्ये हवं बाजाराचं मैदान. ओटे, छप्पर, पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छ आणि दिवे असलेलं स्वच्छतागृह, कचरा उचलण्याची ठरलेली वेळ. आठवड्यातला एक वार पक्का करून टाकायचा. इतर दिवशी त्याच मैदानावर संध्याकाळची भाजी–मासळी, गणपतीत मूर्ती, दिवाळीत जूचंद्रच्या कलावंतांची रांगोळी. दोन गोदामांना लागते तेवढ्या जमिनीत हे सगळं बसेल. ही जमीन आज शिल्लक आहे. भरणी होऊन तिच्यावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या की मग तिचा मोबदला कुठल्याही महानगरपालिकेला झेपणार नाही. पावसाळ्यात ससूनवघर–मालजीपाड्याकडे महामार्ग पाण्याखाली जातो, तो अशाच भरणीमुळे नैसर्गिक वाटा बुजल्याने, हेही या निमित्ताने लक्षात घ्या. मैदान उघडं ठेवलं तर पाण्यालाही जागा राहते.

फेरीवाल्यांचा विषय निघाला की सभागृहात अतिक्रमण हा शब्द हमखास येतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा काय सांगतो ते बघू. शहराने दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी करायची. पाहणी होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडलेले असायचे आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. हा कायदा म्हणजे विक्रेत्यांवर उपकार नाही. बाजाराचा कारभार बाजारातल्या माणसांना विचारून करण्याची ती रीत आहे. शेवळं विकणारी बाई हंगामापुरती येते, म्हणून तिचं नाव कायमच्या यादीत बसत नाही. तिच्यासाठी हंगामी परवान्याची आणि मैदानावर राखीव ओट्यांची सोय करावी लागेल, आणि ती नियमात लिहूनच करावी लागेल. तोंडी कबुली पहिला अधिकारी बदलला की संपते.

धबधब्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तिथे जीव जातात. चिंचोटीचा धबधबा मुंबईच्या पोरांना माहीत आहे, त्याचा डोह मात्र त्यांना माहीत नसतो. २०१८ च्या जुलैत ओढ्याला पूर आला आणि शंभराहून अधिक लोकांना बाहेर काढावं लागलं. अशा घटनांनंतर पावसाळ्यात बंदीचा आदेश निघतो. माणसं वाचवण्यासाठी तो काढावाच लागतो, पण लोक आडवाटांनी जातात आणि गावाला त्यांच्याकडून मिळतात फक्त बाटल्या आणि प्लास्टिक. साताऱ्याच्या कास पठाराचं उदाहरण बघा. जागतिक वारसा यादीत २०१२ मध्ये त्याचं नाव आलं आणि गर्दी आवरेना. मग आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी वन विभागाबरोबर कारभार हातात घेतला: फुलांच्या हंगामात रोज तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, प्रवेश शुल्क, गाड्या दूर उभ्या करायच्या. त्या पैशातून गावातल्या तरुणांना काम मिळतं. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे इथे नियम आणखी कडक राहतील आणि राहायलाच हवेत. गाड्या खाली नाक्याच्या तळावर, वर जायचं ते पाड्यावरच्या वाटाड्याबरोबरच, ठरल्या संख्येने, आणि पाऊस वाढला की वाटाड्याचा शब्द अखेरचा. ज्याने लहानपणापासून तो ओढा चढताना पाहिला आहे, त्याला पाण्याचा रंग बघून कळतं की आता उतरायला हवं. ही जाण पगारी झाली पाहिजे. परतीच्या वाटेवर भुकेलेली माणसं खालच्या मैदानावर जेवतील, रानभाजी घेऊन जातील, आणि तो पैसा पाड्यांवर जाईल.

पेठ चालवायची कोणी, हा प्रश्न उरतो. कॅनडातल्या टोरांटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज नावाची बाजाराची गल्ली आहे. तिच्याजवळून जमिनीखालून रेल्वे गेली, मोठे मॉल निघाले, आणि जे लोक पूर्वी ट्रामने येऊन दुकानांसमोर उतरत ते येईनासे झाले. १९७० मध्ये तिथल्या दुकानदारांनी पालिकेकडे जाऊन सांगितलं की आमच्यावर जास्तीचा कर लावा, तो सगळ्यांकडून सक्तीने वसूल करा, मात्र तो पैसा आमच्याच गल्लीवर, आमच्याच मंडळाने खर्च करायचा. दिवे, बाकं, झाडं, सफाई. पुढे जगभर ही पद्धत गेली. आपल्या शेटे–महाजनांची ही लोकशाहीतली भावकी म्हणायला हरकत नाही. चिंचोटीत तसं मंडळ व्हायचं तर त्यात दुकानदार हवेत, पथविक्रेत्या हव्यात, ट्रकतळावरचे धंदेवाले हवेत, पाड्यांचे प्रतिनिधी हवेत आणि महानगरपालिकेचा एक अधिकारी हवा, ज्याच्या नावावर हे काम लिहिलेलं असेल. जुन्या कौलासारखी पहिली काही वर्षं ओट्याचं भाडं नाममात्र ठेवा, मग बाजार जमेल तसं वाढवा. या परिसरातून येणाऱ्या मालमत्ता कराचा ठरावीक वाटा इथेच खर्च होईल, असा ठराव महासभेने करावा.

एक भीती मला स्वतःलाही वाटते आणि ती लपवून ठेवणं बरं नाही. बाजार सुधारला की जागेचे भाव चढतात, आणि ज्यांच्यासाठी तो सुधारायचा तेच आधी बाहेर फेकले जातात. कामगाराची खानावळ जाते, तिथे शोरूम येते. म्हणून मैदानाची आणि तळाची जमीन सार्वजनिक मालकीचीच राहिली पाहिजे, ओटे विकता किंवा पोटभाड्याने देता येता कामा नयेत, आणि खाजगी बिल्डरने बांधून द्यायच्या मंडईत तळमजला विक्रेत्यांचा, हे करारात आधी लिहून घेतलं पाहिजे. वरच्या मजल्यावर चढवलेली मंडई ओस पडते, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांनी पैसे घालवून पाहिलं आहे. पाटी घेऊन जिना चढायला विक्रेती तयार नसते आणि पिशवी घेऊन चढायला गिऱ्हाईक.

जुन्या विकास आराखड्याची मुदत संपली आहे. नव्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचनांसाठी कायद्याने ठरलेली मुदत मिळते, आणि ती थोडीच असते. त्या दिवसांत धावाधाव करून लिहिलेल्या अर्जांना वजन नसतं. त्याआधी आपल्या हातात तीन कागद तयार असावेत. नाक्यावरच्या माणसांची गणती, बाजाराचं मैदान आणि ट्रकतळ यांच्यासाठी सर्व्हे क्रमांकांसह जागा दाखवणारा नकाशा, आणि पाड्यांवरच्या व नाक्यावरच्या विक्रेत्यांच्या सह्यांचं निवेदन. पहिल्या कागदासाठी विद्यार्थी लागतील, दुसऱ्यासाठी गावातला जमिनीची माहिती असलेला एखादा निवृत्त तलाठी किंवा भूमापक, तिसऱ्यासाठी पायपीट करायची तयारी. आज या सभागृहात तिन्ही तऱ्हेची माणसं बसलेली मला दिसत आहेत. व्याख्यान संपल्यावर बाहेरच्या टेबलावर वही ठेवलेली आहे. ज्यांना गणतीच्या कामात यायचं आहे त्यांनी तिच्यात नाव आणि मोकळा वार लिहून जावं. शेवळं येण्याच्या दिवसांत पहिली गणती करू, म्हणजे नाक्यावर हंगामाची माणसंही मोजली जातील.